मॉनिटरचं तोंड कुणाकडे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर साधे जनरल प्रॅक्टिशनर होते. त्यांच्या दवाखान्यात सोनोग्राफी नव्हती, ईसीजीचं यंत्रही शेवटच्या काही वर्षांत आलं. पण चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूला बॉलपेनने जठर, आतडं, मूत्रपिंड काढून दाखवायची त्यांची सवय होती, असं त्यांचे जुने रुग्ण सांगतात. चित्रं काही फार सुबक नसायची. एका आजोबांनी मला सांगितलं, ‘डॉक्टर किडनी काढायचे ती वालाच्या दाण्यासारखी दिसायची, पण खडा कुठे अडकलाय ते मला त्या दिवशी कळलं.’

मी रेडिओलॉजिस्ट. आमच्या शाखेत रुग्णाच्या आतलं सगळ्यात जास्त पाहिलं जातं आणि रुग्णाशी सगळ्यात कमी बोललं जातं. ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा,’ आणि शेवटी ‘रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.’ एवढ्यावर आमची आयुष्यं निघतात. म्हणून ‘दृश्य तंत्रज्ञान आणि डॉक्टर-रुग्ण संवाद’ या विषयावर मला बोलवलं तेव्हा संयोजकांच्या धाडसाचं कौतुक वाटलं. मी नवीन यंत्रांची यादी सांगेन अशी अपेक्षा असेल, तर ती आज पुरी होणार नाही. माझा मुद्दा एकच आहे. चित्र दाखवलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. मॉनिटर कुणाकडे वळवलेला आहे आणि त्यावर बोट कुणाचं आहे, यावर सगळं ठरतं.

जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही ऑर्थोपेडिक दवाखान्यात जाऊन बसा. पारोळ्याकडची, साक्रीकडची एखादी बाई गुडघे धरून आलेली असते. बरोबर मुलगा असतो, बारावी झालेला, मोबाइलवाला. डॉक्टर एक्स-रे मॉनिटरवर उघडतात आणि बोलतात मुलाशी: ‘हे बघ, इथली गॅप संपली आहे.’ मुलगा मान हलवतो. गुडघा ज्या बाईचा, ती चपलांकडे बघत बसलेली. ऑपरेशन करायचं का, कधी, कापूस वेचणी झाल्यावर की आधी, हे तिच्या डोक्यावरून ठरतं. पूर्वी निदान ती फिल्म खाकी पाकिटात घालून एसटीने तिच्याबरोबर घरी यायची, पत्र्याच्या पेटीमागे उभी राहायची आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना तीच ती काढून द्यायची. आता फिल्मही उरली नाही. चित्र मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, तिथून सुरतेला उधना-लिंबायतमध्ये कामाला असलेल्या भावाकडे जातं आणि त्याच्या ओळखीच्या कंपाउंडरचं मत घेऊन परत येतं. खानदेशातली कितीतरी ‘सेकंड ओपिनियन’ सुरतेहून येतात, हे मी विनोदाने म्हणत नाही. या सगळ्या प्रवासात त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं की बाई, यात तुला काय दिसतं?

आणि विचारलं तर काय ऐकायला मिळतं, ते सांगते.

आपल्याकडे उन्हाळ्यात मुतखड्याचे रुग्ण वाढतात, हे भुसावळच्या माणसाला सांगायला नको. मूत्रनलिकेत चार मिलिमीटरचा खडा आहे. असा खडा बहुतेक वेळा आपोआप पडून जातो. पण स्क्रीनवर चित्र मोठं करून पाहिलं की तो बोराएवढा दिसतो. शिवाय आवाजाच्या लहरी खड्यातून पलीकडे जात नाहीत, म्हणून खड्याच्या मागे काळा पट्टा पडतो. आम्ही त्याला सावली म्हणतो, आणि खडा ओळखायची ती आमची आवडती खूण. रुग्णाला तो काळा पट्टा दिसतो आणि तो मनाशी धरून चालतो की किडनीला भोक पडलंय. तो घाबरून बाहेर पडतो. चित्र चोख असतं, मीही ते दाखवलेलं असतं, आणि निरोप मात्र उलटा पोचलेला असतो.

डॉपलरचे रंगही असेच. त्यात लाल म्हणजे प्रोबकडे येणारं रक्त आणि निळं म्हणजे दूर जाणारं. बस, एवढंच. पण शाळेत शुद्ध रक्त लाल आणि अशुद्ध निळं रंगवलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मानेच्या सोनोग्राफीत निळा रंग दिसला की ‘डॉक्टर, मेंदूला घाण रक्त चाललंय का?’ असा प्रश्न येतो. प्रश्न अडाणीपणाचा नाही. आम्हीच शिकवलेल्या रंगभाषेतून तो आलेला आहे. आता यात संगणकाची भर पडली. क्षयरोगाच्या शोधमोहिमांमध्ये हातात धरण्याएवढी एक्स-रे यंत्रं गावात येतात आणि छातीचं चित्र संगणकच वाचतो. त्याला जिथे शंका येते तो भाग तांबडा-पिवळा होऊन उजळतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘इथे जरा बघा’. समोर बसलेल्या विणकराच्या दृष्टीने त्याचा अर्थ छातीत आग लागलीये. थुंकीची तपासणी अजून व्हायचीच असते.

चित्र सगळ्यांना कळतं, त्याला भाषा लागत नाही, असं आपण फार सहज म्हणतो. औषधांच्या पाकिटांवर अर्धा सूर्य, पूर्ण सूर्य, चंद्रकोर छापतात. अर्धा सूर्य उगवतोय की मावळतोय? शिरपूरच्या एका औषध दुकानात मी हा प्रश्न विचारला, तर काउंटरवरच्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मॅडम, मी त्यावर पेनने सकाळ लिहून देतो.’ म्हणजे वाचता न येणाऱ्यासाठी काढलेल्या चित्राखाली अक्षर! दक्षिण आफ्रिकेत ऱ्होड्स विद्यापीठाच्या रॉस डाउस यांनी याच गोष्टीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अमेरिकेत तयार झालेली औषधचित्रं आणि स्थानिक लोकांना सोबत घेऊन काढलेली चित्रं खोसा भाषकांना दाखवली, तेव्हा स्थानिक चित्रं जास्त कळली. आपल्याकडे मुंबईच्या एजन्सीने काढलेलं पोस्टर तोरणमाळला, यावलच्या पाड्यावर आणि जळगावच्या नवीपेठेत एकाच दिवशी लागतं. त्यातली गरोदर बाई पंजाबी ड्रेसात आणि सोफ्यावर बसलेली. पावरी बोलणारी बाई ते पोस्टर बघते आणि समजते की हे दुसऱ्या कुणासाठी आहे. बरोबरच समजते.

चित्र किती बिनचूक असूनही चुकू शकतं याचं उदाहरण सिकलसेलचं. हा आजार सातपुड्याच्या पायथ्याला, भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये घरोघरी माहीत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. लग्नाआधी मुला-मुलीची सिकलसेल तपासणीची कार्डं जुळवून पाहावीत, ही त्यातली कल्पना चांगली आहे. पत्रिकेपेक्षा केव्हाही बरी. पण समुपदेशनाचं जे चित्र सगळीकडे वापरलं जातं ते तुम्ही पाहिलं असेल: वर आई-बाप, दोघेही वाहक, म्हणजे अर्धे लाल रंगवलेले, आणि खाली चार मुलं. एक पूर्ण निरोगी, दोन वाहक, एक आजारी. शास्त्र बिनचूक. प्रत्येक गर्भारपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक.

आता हे चित्र पहिलं मूल आजारी असलेल्या जोडप्याला दाखवा. ते काय वाचतात? चार मुलं होणार, त्यातलं एक आजारी. आजारी झालं. आता पुढची तीन चांगली. चित्रात चारच मुलं आहेत आणि पूर्ण लालही एकच आहे, त्यामुळे त्यांचं वाचन चित्राशी पूर्ण प्रामाणिक आहे. तुमच्या-माझ्या डोक्यात संभाव्यता असते. कागदावर मात्र चार पोरं असतात.

चोपड्याकडच्या एका समुपदेशक ताईंनी हा तक्ता कधीच भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्या दोन वाट्या घेतात. प्रत्येक वाटीत एक दादर ज्वारीचा पांढरा दाणा आणि एक तुरीचा. एक वाटी नवऱ्याच्या हातात, एक बायकोच्या. डोळे मिटा, एकेक दाणा उचला, पाटावर ठेवा. दोन पांढरे आले तर मूल निरोगी, एक पांढरा एक तूर आली तर वाहक, दोन्ही तुरी आल्या तर आजारी. मग दाणे ज्याच्या त्याच्या वाटीत परत. पुन्हा डोळे मिटा. सगळी गोम या ‘परत’मध्ये आहे. मी बसले होते तेव्हा एका जोडप्याच्या हाताला पहिल्याच खेपेला दोन तुरी आल्या, मग पांढरे, मग एकेक, आणि नंतर पुन्हा दोन तुरी. नवरा वाटीकडे बघत म्हणाला, ‘म्हणजे दरवेळी नव्याने?’ ताई काही बोलल्या नाहीत. त्याने बायकोला पावरीत काहीतरी सांगितलं, तिने वाटी स्वतःकडे ओढली आणि ती एकटीच दोन्ही हातांनी दाणे काढत बसली. गर्भजल तपासणी कुठे होते, खर्च किती, जायला लागेल का, हे प्रश्न त्यानंतर तिने विचारले. यात तंत्रज्ञान कुठे आलं, असं कुणी म्हणेल. पडद्यावर दिसणारं आणि विजेवर चालणारं तेवढंच तंत्रज्ञान, असं मी मानत नाही. त्याच वाट्या उद्या टॅबवर येतील, चालतील. फक्त बोट तिचं असायला हवं.

हा शोध नवा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी जे श्वासमापक बनवलं ते आठवा. मोठ्या आकड्यांपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईच्या हातात मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्यावर पोचलात, तर श्वास जास्त आहेत, औषध सुरू करा. १९९२ साली त्याचा शोधनिबंध आला. मला त्यातलं मोठेपण असं वाटतं की निदान डॉक्टरच्या डोक्यातून निघून मण्यांच्या तारेवर आलं आणि दाईबरोबर बाळाच्या आईलाही ते दिसू लागलं. अंगणवाडीतली दंडघेर मोजायची पट्टीही याच घराण्यातली: साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं की लाल. तिथे आईला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पट्टीवरचा रंग तिला स्वतःलाच दिसतो.

आता ज्या विषयाकडे यायला मला थोडा धीर गोळा करावा लागतो तिकडे येते.

गरोदरपणातली सोनोग्राफी. आई आणि डॉक्टर यांच्यात बोलणं सुरू करायला याहून चांगलं चित्र वैद्यकात नाही. हलणारं, ठोके देणारं, तिचं स्वतःचं. आणि याच चित्राने आपल्या जिल्ह्यात काय केलं? २००१च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८८० मुली होत्या. २०११ला ८४२. महाराष्ट्राचा आकडा तेव्हा ८९४ होता. सुपीक जमीन, केळीचा पैसा, सोन्याची बाजारपेठ, शिकलेली घरं, आणि हा आकडा. खानदेशातल्याच आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये, जिथे सोनोग्राफी सेंटरं तुरळक, तिथे मुली कितीतरी जास्त होत्या. आमच्या यंत्राने संवाद घडवला, तो असा.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी केला, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४चा, १ जानेवारी १९९६ पासून लागू. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्याच्या पाचव्या कलमात म्हटलंय की गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे कुणालाही कळवायचं नाही. खुणेने हे कायदा करणाऱ्यांनी उगाच घातलेलं नाही. पेढा की बर्फी, हिरवी शाई की लाल, इतपत आमच्या धंद्यातल्या काही जणांनी दृश्य संवादाची कला नेली होती. कोल्हापूरला तेव्हाचे जिल्हाधिकारी, तुम्ही ज्यांना कथा-कादंबरीकार म्हणून ओळखता ते लक्ष्मीकांत देशमुख, यांनी सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवायला लावला. तपासणीचं प्रत्येक दृश्य त्यात साठतं. रेडिओलॉजिस्टांची संघटना कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बसवणं वैध ठरवलं. आमच्यातले पुष्कळ जण तेव्हा चिडले होते. मला त्या चिडण्यात फारसा दम वाटला नाही. ८४२ हा आकडा समोर असताना सरकारने आमच्या खोलीत एक डोळा बसवावा, यात कांगावा करण्यासारखं काय होतं?

पण एक गोष्ट आम्ही केली आणि तिला कायद्याचं नाव दिलं. आम्ही मॉनिटर फिरवला. बाईला काही दिसायला नको म्हणजे भानगड नको. हळूहळू बोलणंही थांबलं. आज कित्येक सेंटरमध्ये गरोदर बाई छताकडे बघत पडलेली असते. पाणी किती आहे, वार कुठे आहे, बाळाची वाढ कशी आहे, यातलं काहीही सांगायला कायद्याने मनाई केलेली नाही. मनाई एकाच माहितीला आहे. त्या एकीच्या नावाखाली बाकीच्या सगळ्या आम्ही गिळून टाकल्या आणि आमची दहा मिनिटं वाचवली.

माझ्याकडे आता बाई पडलेली असते तिच्या पायांकडच्या भिंतीवर दुसरा मॉनिटर आहे. मी तो बाळाच्या डोक्यावर, छातीवर, पाठीच्या कण्यावर असताना चालू ठेवते आणि बाकी वेळी बंद करते. बंद का केला हेही सांगते. एकीनेही आजवर हुज्जत घातलेली नाही. ठोके दिसायला लागले की बायका बोलतात. अमळनेरकडची एक सून बोट करून म्हणाली, ‘हाई काय शे?’ म्हटलं, हाताचा पंजा. मग तिने स्वतःहून सांगितलं की चार दिवसांपासून हालचाल कमी वाटते. हे तिने आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत फक्त ‘रूटीन’ लिहिलेलं. पाणी कमी निघालं. त्याच दिवशी त्या डॉक्टरांना फोन करून मी तिला परत त्यांच्याकडे पाठवलं.

वाढीचा आलेखही आता मी दाखवते. तीन रेषा असतात आणि त्यांच्यावर आपल्या बाळाचा ठिपका. ठिपका खालच्या रेषेच्याही खाली गेलेला दिसला की पुढची पायरी महत्त्वाची: तिला विचारायचं, सासूबाईंना आत बोलवू का? ती हो म्हणाली तरच बोलवायचं. कारण घरात दूध कुणाला, दुपारची विश्रांती कुणाला, शेतात कोण जाणार, हे सासूबाई ठरवतात. त्या ठिपक्यासमोर सासूबाईंशी झालेली पाच मिनिटं लोहाच्या गोळ्यांच्या पत्रकापेक्षा जास्त कामाची असतात. मघाशी मी गुडघ्याच्या बाईबद्दल जे म्हटलं त्याच्याशी हे विसंगत वाटेल. नातेवाइकांना चित्र दाखवू नका असं माझं म्हणणं नाही. आधी जिचं शरीर तिला दाखवा आणि पुढच्याला दाखवायचं की नाही ते तिला ठरवू द्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलं. बाई भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर आणि गर्भाशय काढायची संमती बाहेर बसलेल्या आईची, हे चालणार नाही. संमतीपत्रावर अंगठा घेऊन मोकळं होणाऱ्या आपल्या सगळ्यांना तो निकाल अजून पचलेला नाही.

वेळेचं काय, हा प्रश्न तुमच्यातले डॉक्टर मनात विचारत असतील. रास्त आहे. २०१७ मध्ये जगभरच्या तपासणीवेळेचा एक मोठा आढावा निघाला. त्यात भारतातल्या प्राथमिक डॉक्टरचा रुग्णामागचा वेळ साधारण दोन मिनिटं होता आणि स्वीडनमधला बावीस. दोन मिनिटांत कुणी दोन वाट्या आणि तुरीचे दाणे मांडू शकत नाही. हे काम डॉक्टरनेच केलं पाहिजे हा हट्ट सोडला, तर मात्र वाट निघते. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले, तेव्हा पडद्याजवळ उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस असायचाच. चित्रकथीतही पोथीचं पान धरणारा गातो. बोलणाऱ्याशिवाय चित्र पाठवायचं, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या काळातलं खूळ. तो बोलणारा आशाताई असू शकते, परिचारिका असू शकते, ओपीडीच्या बाकावर बसून अहिराणीत, पावरीत, तडवींच्या बोलीत समजावणारी कुणीही बारावी पास मुलगी असू शकते. तिला पगार द्यावा लागेल, हे खरं.

धुळ्याला भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय तीन दशकांहून जास्त काळ चालू आहे, जळगावचं सरकारी महाविद्यालय २०१८चं. दोन्हीकडे बाहेरगावची मुलं शिकायला येतात, ‘पोट दुखस’ एवढं अहिराणी त्यांना महिन्याभरात कळतं आणि तिथेच त्यांचं शिक्षण थांबतं. या दोन महाविद्यालयांच्या जनऔषधवैद्यक विभागांनी एक काम अंगावर घ्यावं. नवं पोस्टर, नवी व्हिडिओ क्लिप, नवं चित्र छापायच्या आधी इंटर्न मुलांना ते घेऊन ओपीडीच्या बाकांवर बसवावं. रुग्णाला काही समजावायचं नाही. फक्त विचारायचं: यात काय दिसतंय, आणि हे पाहून तुम्ही घरी जाऊन काय कराल? तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आणायचं. निम्मी पोस्टरं छापखान्यात जाण्याआधीच फाटतील, ते बरं.

राहता राहिला मघाशी सांगितलेला तो दुसरा मॉनिटर. त्याचा खर्च किती, हे मला प्रत्येक रेडिओलॉजिस्ट विचारतो. माझ्याकडचा ऑफिसातला जुना कॉम्प्युटरचा स्क्रीन आहे. एक केबल, एक भिंतीवरची पट्टी आणि एक बटण. इलेक्ट्रिशियन भाऊ अर्ध्या दुपारी बसवून गेले. अडचण एवढीच की ते बटण माझ्या डाव्या हाताला, प्रोबच्या उलट्या बाजूला हवं. नाहीतर बंद करायला उशीर होतो, आणि तेवढा उशीर कायद्याला चालत नाही.